निकाल विरोधात गेला तर: जिल्हा न्यायालय आणि हायकोर्टातले अपील, मुदत व कागदपत्रे

अपिलात खटला नव्याने चालत नाही. साक्षीदार पुन्हा पिंजऱ्यात येत नाहीत. खालच्या कोर्टातून मूळ रेकॉर्ड मागवले जाते आणि त्यावरच वकिलांचा युक्तिवाद होतो. नवा पुरावा देण्याची सोय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 41 नियम 27 मध्ये आहे, पण खालच्या कोर्टाने तो पुरावा चुकीने नाकारला होता, किंवा पुरेशी खटपट करूनही तेव्हा तो हाती आला नव्हता, असे दाखवावे लागते. ‘कागद घरीच होता, द्यायचा राहून गेला’ यावर सहसा भागत नाही.

कोणाकडे दाद मागायची?

कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांच्या हुकूमनाम्यावर (दिवाणी निकालावरून काढलेल्या औपचारिक आदेशावर) जिल्हा न्यायालयात अपील होते. वरिष्ठ स्तराच्या निकालावर जिल्हा न्यायालय की हायकोर्ट, हे दाव्याच्या मूल्यावर ठरते. फौजदारीत मॅजिस्ट्रेटने दिलेल्या शिक्षेवर सत्र न्यायालयात आणि सत्र न्यायालयाच्या शिक्षेवर हायकोर्टात जायचे. सात वर्षांहून जास्त कैद झाली असेल, तर शिक्षा कोणत्याही कोर्टाने दिलेली असो, अपील थेट हायकोर्टात. मुंबईखेरीज नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला खंडपीठे आहेत. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गसाठी 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला हायकोर्टाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) सुरू झाले आहे. सातबाऱ्यावरच्या फेरफाराची तक्रार मात्र या वाटेने जात नाही, ती महसुली अपिलाने प्रांताधिकाऱ्यांकडे.

जिल्हा न्यायालयातही हरलात, तर हायकोर्टात द्वितीय अपील करता येते, पण त्यात कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असावा लागतो. साक्षीपुराव्याची फेरतपासणी तिथे मागून सहसा मिळत नाही. म्हणून पहिले अपील हीच वस्तुस्थितीवर भांडण्याची खरी जागा. त्याचा मसुदा घाईत उरकू नये.

कोणाला अपील नाही?

तडजोडीच्या हुकूमनाम्यावर अपील नाही. गुन्हा कबूल करून शिक्षा झाली असेल, तर शिक्षा किती आणि कायदेशीर आहे का, एवढ्यापुरतेच अपील. हायकोर्टानेच ती शिक्षा दिली असेल तर तेही नाही. किरकोळ शिक्षेवरही, म्हणजे प्रथम वर्ग मॅजिस्ट्रेटने फक्त 100 रुपयांपर्यंत दंड केला असेल तर, अपील चालत नाही. आरोपी सुटला, त्याला कमी गंभीर गुन्ह्यासाठी दोषी धरले किंवा नुकसानभरपाई अपुरी दिली, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम 413 प्रमाणे पीडित व्यक्ती स्वतः अपील करू शकते. शिक्षाच कमी वाटते, एवढ्या कारणावर मात्र नाही. ते अपील सरकारने करायचे असते.

मुदत कशी मोजायची?

दिवाणी अपिलाला जिल्हा न्यायालयात 30 दिवस, हायकोर्टात 90. शिक्षेविरुद्ध सत्र न्यायालयात 30 आणि हायकोर्टात 60 दिवस. फाशीच्या शिक्षेला मात्र 30च.

यातून निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस वजा होतात. सही-शिक्क्याच्या नकलेवर अर्ज केल्याची आणि नक्कल तयार झाल्याची तारीख असते, त्या दोन तारखा आधी बघा. समजा निकाल 3 जूनचा, नकलेचा अर्ज 10 जूनला, नक्कल तयार 24 जूनला. जिल्हा न्यायालयातली 30 दिवसांची मुदत 3 जुलैला संपली असती, तिच्यात हे 15 दिवस मिळवून ती 18 जुलैवर जाते. नक्कल तयार होऊन खिडकीवर पडून राहिली आणि तुम्ही महिनाभराने नेली, तर तो महिना तुमच्याच खात्यात. अर्जाआधी हुकूमनामा तयार व्हायला लागलेला वेळही वजा होत नाही. तेव्हा निकाल ऐकल्याच्या दिवशीच नक्कल विभागात अर्ज टाकावा, अपील करायचे की नाही हे नंतर ठरवता येते. मुदत टळलीच तर विलंब माफीचा अर्ज जोडता येतो, पण उशिराचे कारण पटले पाहिजे.

काय काय जोडायचे?

अपील मेमो, म्हणजे निकालात नेमके काय चुकले याचे मुद्दे, निकालपत्राची सही-शिक्क्याची नक्कल, दिवाणीत हुकूमनाम्याचीही, वकीलपत्र, दिवाणीत कोर्ट फी, समोरच्या पक्षकारांचे पूर्ण पत्ते आणि तितक्या प्रती. कैदेची शिक्षा झालेल्या आरोपीला निकालाची प्रत लगेच आणि फुकट मिळते. तो तुरुंगात असेल तर तुरुंगाधिकाऱ्यामार्फतही अपील पाठवता येते.

स्थगितीचा अर्ज वेगळा

अपील दाखल झाले म्हणजे निकाल थांबला, हा समज महागात पडतो. स्थगिती मिळाली नाही तर समोरचा दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) लावून ताबा घेऊ शकतो. पैशाच्या हुकूमनाम्यात रक्कम भरण्याची किंवा तारण देण्याची तयारी ठेवा. फौजदारीत शिक्षा स्थगित करून जामिनाचा अर्ज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 430 खाली. जामिनावर असलेल्या आरोपीला तीन वर्षांपर्यंतच शिक्षा झाली असेल, तर शिक्षा देणारे कोर्टच अपील दाखल करण्यापुरता जामीन देऊ शकते. आरोपीने केलेल्या अपिलात शिक्षा वाढत नाही. ती भीती अनेकांना उगाच असते.

वकिलाची ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

आणि निकाल तुमच्या बाजूने लागला असेल, तर वरच्या कोर्टात कॅव्हेट, म्हणजे ‘आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका’ असा अर्ज, दाखल करून ठेवा. ते 90 दिवस चालते, आणि तेवढ्या काळात तुम्हाला नोटीस दिल्याशिवाय स्थगितीचा अर्ज ऐकला जात नाही.