उकळलं तरी न तुटणारा पेप्टाइड बाँड

"अन्न शिजवलं की त्यातलं प्रोटीन मरतं, म्हणून कच्चं खा" असा एक फॉरवर्ड अधूनमधून नवा फोटो लावून फिरायला लागतो आणि त्याखाली "अगदी बरोबर" म्हणणाऱ्यांची रांग लागते. प्रोटीन हा जीव नाही, त्यामुळे ते मरायचा प्रश्नच येत नाही. पण उष्णतेने प्रोटीनचं नेमकं काय होतं हा प्रश्न मात्र फार चांगला आहे, कारण त्याचं उत्तर शोधायला गेलं की आपण थेट पेप्टाइड बाँडपाशी, म्हणजे प्रोटीनच्या कड्या एकमेकींना जोडणाऱ्या बाँडपाशी पोचतो, आणि माझ्या मते अख्ख्या जीवरसायनशास्त्रात याच्याइतका सुंदर बाँड दुसरा नाही.

अंड्याचा पांढरा भाग घ्या. त्यातलं मुख्य प्रोटीन म्हणजे ओव्हाल्ब्युमिन, ३८५ अमिनो ॲसिडची (प्रोटीनच्या कड्या त्याच) एक सलग साखळी, आणि ती एका ठराविक आकारात घडी घालून बसलेली असते. पाणी आवडत नाही ते भाग आत आणि पाणी आवडतं ते बाहेर, अशी ती घडी. तापवलं की घडी उलगडते, आत लपलेले भाग उघडे पडतात, ते शेजारच्या साखळ्यांच्या तसल्याच भागांना चिकटतात आणि सगळं मिळून घट्ट पांढरं होतं. याला डीनेचरेशन म्हणतात. यात मोडतो तो घडीचा आकार, साखळी मात्र जशीच्या तशी राहते, ३८५ कड्यांमधले ३८४ पेप्टाइड बाँड जवळपास सगळे जागेवर. उलट घडी सुटल्यामुळे पचवणाऱ्या एन्झाइमना आत शिरायला जागा मिळते. १९९८ च्या एका अभ्यासात शिजवलेल्या अंड्याचं प्रोटीन सुमारे ९० टक्के पचलं आणि कच्च्याचं जेमतेम ५० टक्के. म्हणजे तो फॉरवर्ड नुसता चुकीचा नाही, तर बरोब्बर उलटा आहे.

आता बाँडकडे येऊ. अमिनो ॲसिड म्हणजे मधे एक कार्बन आणि त्याला चार गोष्टी जोडलेल्या, एक हायड्रोजन, एक अमिनो ग्रुप, एक कार्बोक्सिल ग्रुप आणि एक साइड चेन, जी प्रत्येकात वेगळी. (प्रोलीनमध्ये ही साइड चेन वळून परत नायट्रोजनलाच जोडलेली असते, तेवढा एक अपवाद.) आपल्या प्रोटीनमध्ये मुख्यतः अशी २० प्रकारची अमिनो ॲसिड असतात. एकाच्या कार्बोक्सिलमधला ओएच आणि दुसऱ्याच्या अमिनोमधला एक हायड्रोजन मिळून पाणी बाहेर पडतं आणि उरलेला कार्बन त्या नायट्रोजनला जोडला जातो, झाला पेप्टाइड बाँड. शाळेत एवढंच शिकवतात, आणि खरी गंमत याच्या पुढे सुरू होते.

ही कल्पना एकाच दिवशी, एकाच परिषदेत दोन माणसांनी मांडली. सप्टेंबर १९०२, कार्ल्सबाड, सकाळी फ्रान्झ होफमाइस्टर बोलले आणि काही तासांनी एमिल फिशर. होफमाइस्टर यांचा एक आधार होता बाययुरेट टेस्ट, तीच जी आपण प्रॅक्टिकलला करतो, अल्कलीमध्ये कॉपर सल्फेट टाकायचं आणि प्रोटीन असेल तर जांभळा रंग येतो. हा रंग तांब्याचा आयन साखळीतल्या नायट्रोजनना धरून बसतो म्हणून येतो. उकळलेल्या अंड्याच्या पांढऱ्यालाही तो येतोच, म्हणजे साखळी शाबूत आहे. तेच प्रोटीन तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये बंद नळीत ११० डिग्रीला २४ तास ठेवा, साखळी पूर्ण तुटून सुटी अमिनो ॲसिड उरतात आणि जांभळा रंग गायब होतो. फक्त तापवणं आणि खरोखर तोडणं यातला फरक इतका सरळ डोळ्यांना दिसतो.

पण इथे एक कोडं आहे. पेप्टाइड बाँड तयार होताना पाणी बाहेर पडतं, मग आजूबाजूला भरपूर पाणी असताना उलटी रिॲक्शन व्हायला हवी ना? ऊर्जेचा हिशोबही तेच सांगतो, पाण्यात साखळी तुटणं हे उताराच्या दिशेने आहे आणि जोडणं चढाच्या. म्हणजे तुमच्या शरीरातलं प्रत्येक प्रोटीन तत्त्वतः पाण्यात तुटायला मोकळं आहे. तरी तुटत नाही. रिचर्ड वोल्फेंडन यांच्या लॅबने १९९६ मध्ये याचा वेग काढला, बंद नळ्यांमध्ये खूप तापवून मोजायचं आणि मग हिशोबाने २५ डिग्रीला यायचं अशी पद्धत, कारण साध्या तापमानाला वाट बघत बसणं शक्यच नाही. उत्तर आलं साधारण ३५० ते ६०० वर्षं, तेही निम्मे बाँड तुटायला. उकळत्या पाण्यात हा वेग हजारो पट वाढतो असं धरलं तरी निम्मे बाँड तुटायला आठवडे-महिने लागतील, स्वयंपाक तर काही मिनिटांचा असतो.

मग अडवतंय कोण? नायट्रोजनवरची एक इलेक्ट्रॉनची जोडी. नायट्रोजनला तीन बाँड असतात आणि वर दोन इलेक्ट्रॉन मोकळे राहतात, ज्यांना लोन पेअर म्हणतात. साध्या अमाइनमध्ये (म्हणजे शेजारी असा ऑक्सिजन नसलेल्या नायट्रोजनच्या संयुगात) ही जोडी नायट्रोजनपाशीच असते आणि प्रोटॉन दिसला की पकडते, म्हणून अमाइन बेसिक असतात. पेप्टाइड बाँडमध्ये मात्र शेजारी कार्बन-ऑक्सिजन डबल बाँड आहे आणि तो ऑक्सिजन इलेक्ट्रॉन ओढण्यात पटाईत. त्यामुळे नायट्रोजनची जोडी तिथे एकटी न राहता नायट्रोजन, कार्बन, ऑक्सिजन अशी तिघांवर पसरते. ही रेझोनन्स. लक्षात घ्या, रेणू एकदा असा आणि एकदा तसा उड्या मारत नाही, तो कायमच मधल्या अवस्थेत असतो. याचा पुरावा लांबीत दिसतो. साधा कार्बन-नायट्रोजन सिंगल बाँड सुमारे १.४७ अँगस्ट्रॉम (अणूंच्या मापाचं लांबीचं एकक), डबल बाँड सुमारे १.२७, आणि पेप्टाइड बाँड १.३३, म्हणजे सिंगलपेक्षा डबलच्याच जवळ.

आता पाण्याच्या रेणूच्या बाजूने बघा. त्याला हल्ला करायचाय तो त्या मधल्या कार्बनवर, कारण तिथे थोडा पॉझिटिव्ह चार्ज असतो. पण नायट्रोजनने आपले इलेक्ट्रॉन तिकडे सरकवल्यामुळे कार्बनची इलेक्ट्रॉनची भूक बरीचशी भागलेली आहे, हल्ला करण्यासारखं फार काही उरलेलं नाही. समजा तरीही पाणी शिरलं, तर कार्बनला चार बाँड धरून चौफेर आकार घ्यावा लागतो आणि त्या क्षणी रेझोनन्सचा सगळा फायदा जातो, हा पहिला डोंगर. पुढे नायट्रोजनने बाजूला व्हायचं तर तो इतका जास्तीचा इलेक्ट्रॉनभार घेऊन एकटा निघायला तयार नसतो, त्याला आधी कोणीतरी प्रोटॉन द्यायला हवा, आणि न्यूट्रल पाण्यात नेमक्या जागी नेमक्या वेळी प्रोटॉन मिळणं कठीण. म्हणून बाँड ऊर्जेच्या दृष्टीने कच्चा असूनही वेगाच्या दृष्टीने पक्का आहे. केमिस्ट्रीत हा भेद कळला की निम्मी केमिस्ट्री कळली असं मला मनापासून वाटतं.

याच रेझोनन्सचा दुसरा परिणाम म्हणजे बाँड फिरत नाही. अर्धवट डबल बाँड असल्यामुळे तो पिळायला मोलमागे साधारण २० किलोकॅलरी लागतात आणि सहा अणू एका सपाट पातळीत अडकून बसतात. प्रोटीनची साखळी म्हणजे कोपऱ्याला कोपरा जोडलेल्या ताठ पत्त्यांची माळ, वळायला जागा फक्त कोपऱ्यांवर. हे साधं वाटतं, पण १९५० मध्ये ब्रॅग, केंड्र्यू आणि पेरुट्झ या तिघा दिग्गजांनी प्रोटीनच्या संभाव्य आकारांची यादी छापली आणि त्यात पेप्टाइड बाँड वळू दिला, वर एका वेढ्यात पूर्णांकी अमिनो ॲसिडच असणार असं धरलं, आणि खरा आकार हातचा गेला. अमेरिकन केमिस्ट लायनस पॉलिंग त्याआधी १९४८ मध्ये ऑक्सफर्डला सर्दीने अंथरुणात पडले असताना कागदावर साखळी काढून घड्या घालत बसले होते, पेप्टाइड बाँड सपाट ठेवायचा हा हट्ट धरून. त्यातून अल्फा हेलिक्स निघाला, स्प्रिंगसारखी गुंडाळी, एका वेढ्यात ३.६ अमिनो ॲसिड. १९५१ ला तो छापून आला तेव्हा पेरुट्झ यांनी लगेच घोड्याचा केस एक्स-रे खाली धरला आणि पॉलिंगच्या मॉडेलप्रमाणे जिथे यायला हवा तिथेच १.५ अँगस्ट्रॉमचा ठिपका सापडला.

कोपऱ्यांवरची वळणं किती मोकळी असतात हे मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन, रामकृष्णन आणि शशिशेखरन यांनी १९६३ मध्ये दाखवलं. प्रत्येक अमिनो ॲसिडपाशी फाय आणि साय असे दोनच कोन फिरू शकतात, आणि त्यातल्याही बहुतेक जोड्यांमध्ये अणू एकमेकांवर आदळतात. दोन कोनांचा आलेख काढला तर परवानगी असलेली जागा थोडीशीच उरते, उजव्या हाताचा हेलिक्स एका बेटावर, बीटा शीट (शेजारी शेजारी पसरलेल्या साखळ्या) दुसऱ्या. आजही कुठल्याही नव्या प्रोटीनची रचना छापण्याआधी रामचंद्रन प्लॉटवर तपासतात, आणि या कामाला नोबेल मिळालं नाही हे मला आजही खटकतं.

रामचंद्रन यांनी गोपीनाथ कर्था यांच्यासोबत कोलॅजेनचा (त्वचा-हाडांतल्या प्रोटीनचा) तिहेरी हेलिक्सही मांडला होता, १९५४-५५ च्या सुमारास. कोलॅजेनमध्ये दर तिसरं अमिनो ॲसिड ग्लायसीन असतं, कारण तिन्ही साखळ्या मधे इतक्या जवळ येतात की तिथे एका हायड्रोजनपेक्षा मोठी साइड चेन मावतच नाही. आता या कोलॅजेनच्या नावाने पावडरी आणि क्रीम विकणारे जे सांगतात त्याबद्दल बोलायलाच हवं. खाल्लेलं कोलॅजेन तसंच्या तसं उचलून चेहऱ्यात बसत नाही. आतड्यात त्याचे तुकडे होतात, सुटी अमिनो ॲसिड आणि काही दोन-तीन कड्यांचे तुकडे रक्तात जातात, आणि शरीर त्यांचं काय करायचं ते स्वतःच्या गरजेप्रमाणे ठरवतं. आणि क्रीममधला पूर्ण कोलॅजेन रेणू तर त्वचेच्या वरच्या थरातून आत जाण्यासाठी फारच मोठा आहे. जाहिरातीत हेलिक्सचं चित्र फिरताना दाखवलं म्हणून केमिस्ट्री बदलत नाही.

मग ज्या बाँडला पाण्यात शेकडो वर्षं लागतात तो पोटात इतक्या झटपट कसा तुटतो? कायमोट्रिप्सिन बघा. या एन्झाइममध्ये १९५ व्या जागी सेरीन, ५७ व्या जागी हिस्टिडीन आणि १०२ व्या जागी ॲस्पार्टेट अशी तिघं शेजारी येतात. हिस्टिडीन सेरीनचा प्रोटॉन काढून घेतो, त्यामुळे सेरीनचा ऑक्सिजन पाण्यापेक्षा कितीतरी आक्रमक होतो आणि पेप्टाइडच्या कार्बनवर चाल करतो. कार्बन चौफेर झाला की त्याच्या ऑक्सिजनवर निगेटिव्ह चार्ज येतो, आणि त्याला सांभाळायला दोन एनएच ग्रुप असलेला एक खळगा आधीच तयार असतो, ऑक्सिॲनायन होल, म्हणजे पहिला डोंगर बुटका झाला. आता रेझोनन्स मोडलेली असल्याने नायट्रोजनची जोडी परत त्याच्यापाशी आली आहे, हिस्टिडीन मघाशी घेतलेला प्रोटॉन नेमका तिला देतो, आणि नायट्रोजन सुखाने बाजूला होतो. दुसरा डोंगरही गेला. उरलेला तुकडा सेरीनला एस्टर म्हणून, म्हणजे नायट्रोजनऐवजी ऑक्सिजनमार्फत, चिकटलेला असतो, आणि एस्टरमध्ये रेझोनन्स खूप कमजोर, त्यामुळे पाणी येऊन तो सहज सोडवतं.

असलं हत्यार पॅन्क्रियासमध्ये (स्वादुपिंडात) उघडं ठेवलं तर ते पॅन्क्रियासच पचवेल, म्हणून ते तिथे कायमोट्रिप्सिनोजेन या बंद रूपात बनतं, २४५ अमिनो ॲसिडची साखळी. आतड्यात पोचल्यावर ट्रिप्सिन हे दुसरं एन्झाइम त्यातला १५ आणि १६ मधला एकच बाँड तोडतं, १६ व्या आयसोल्युसीनचं नवं टोक मोकळं होऊन १९४ व्या ॲस्पार्टेटला जाऊन चिकटतं, आणि त्या ओढीने तो ऑक्सिॲनायन खळगा नीट आकाराला येतो. एक बाँड तुटला आणि एन्झाइम चालू.

एकच बाँड किती महत्त्वाचा हे औषधांतही दिसतं. जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-१ नावाचं हार्मोन सुटतं, पण रक्तातलं डीपीपी-४ हे एन्झाइम त्याची सुरुवातीची दोन अमिनो ॲसिड कापून टाकतं, त्यामुळे त्याची हाफ-लाइफ, म्हणजे निम्मं उरायला लागणारा वेळ, जेमतेम दोन मिनिटं. सेमाग्लुटाइड हे डायबेटिस आणि वजनासाठीचं औषध या हार्मोनवरूनच बनवताना केमिस्टनी त्या दुसऱ्या जागेवरच्या ॲलानीनऐवजी एक जास्तीचा मिथाइल ग्रुप असलेलं अमिनो ॲसिड बसवलं, आता एन्झाइमला त्या बाँडवर नीट पकड मिळत नाही. सोबत एक लांब फॅटी ॲसिडची शेपटी जोडली, जी रक्तातल्या अल्ब्युमिनला धरून राहते, आणि हाफ-लाइफ दोन मिनिटांवरून साधारण एका आठवड्यावर गेली.