गेलस्कॉल आणि गेलटाख्टमधली शाळा: दोन्हीकडे आयरिशच, मग फरक काय?

आयर्लंडला मुलांसकट शिफ्ट झालेल्या मराठी लोकांचा शाळा शोधताना हा घोळ हमखास होतो. गेलस्कॉल म्हणजे आयरिश मीडियमची शाळा, आणि गेलटाख्टमधली (म्हणजे जिथे लोक आयरिश बोलतात त्या भागातली) शाळा पण आयरिश मीडियमचीच, म्हणजे दोन्ही एकच ना? नाही हो.

आधी साध्या शाळेचं सांगून टाकते. तिथे सगळं इंग्लिशमधून आणि आयरिश हा एक विषय, रोज अर्धा-पाऊण तास, थेट बारावीपर्यंत, म्हणजे तिकडच्या लीव्हिंग सर्टपर्यंत. १९७३ पर्यंत तर आयरिशमध्ये नापास झालं की अख्खी लीव्हिंग सर्टच नापास! आता तसं नाही, उलट २०१२ पासून तोंडी परीक्षेलाच ४० टक्के मार्क आहेत. परदेशात शिकून बारा किंवा जास्त वयात तिथे शाळेत येणाऱ्या मुलांना आयरिशमधून सूट मागता येते, पण चार-पाच वर्षांचं पिल्लू घेऊन गेलात तर 'आम्ही इंडियन' एवढं कारण चालत नाही.

आता गेलस्कॉल. या शाळा गेलटाख्टच्या बाहेर, डब्लिन, कॉर्क, अगदी बेलफास्टमध्येसुद्धा (ते उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या हद्दीत). १९१७ मध्ये लुईझ गॅव्हन डफी यांनी डब्लिनमध्ये सुरू केलेली स्कॉल व्रीजा ही यातली जुनी शाळा, आणि बेलफास्टला १९७१ मध्ये काही कुटुंबांनी स्वतःच पैसे उभे करून शाळा काढली कारण सरकार काही देत नव्हतं. गेलस्कॉलमध्ये येणारी बहुतेक मुलं घरी इंग्लिश बोलतात (किंवा पोलिश, किंवा मराठी). पहिल्या दिवसापासून बाई आयरिशमध्येच बोलतात, गणितही आयरिशमध्ये. आपल्याला हे ऐकून मराठी माध्यम आठवतं पण खरं साम्य आपल्याकडच्या इंग्लिश मीडियमशी आहे, घरात जी भाषा नाही ती शाळेत जाऊन शिकायची. म्हणून 'आम्हाला आयरिश येत नाही, मुलाला तिथे कसं घालणार' ही भीती मला फारशी पटत नाही, तिथल्या आयरिश आईबापांनाही बऱ्याचदा येत नसतं. रिपब्लिकमध्ये (म्हणजे डब्लिन राजधानी असलेल्या स्वतंत्र आयर्लंडमध्ये) सरकारी अनुदान असतं, अभ्यासक्रमही बाकी शाळांचाच.

गेलटाख्ट म्हणजे जिथे आयरिश ही गावाची बोलायची भाषा आहे असे सरकारने ठरवलेले भाग. गॉलवेचं कॉनमारा, डोनेगलचं ग्वीडोर, केरीत डिंगलच्या पुढचा पट्टा वगैरे. तिथल्या शाळेत काही मुलं घरूनच आयरिश घेऊन येतात, आणि तीही आपापल्या भागाची, कारण डोनेगलची आयरिश आणि केरीची आयरिश यात बराच फरक आहे. गेलस्कॉलमधल्या मुलाला समोर नेटिव्ह बोलणारं दुसरं मूल सहसा मिळत नाही त्यामुळे ती मुलं भरभर बोलतात पण वाक्याची ठेवण पुष्कळदा इंग्लिशची असते, जुने लोक नाकं मुरडतात. मला ते नाकं मुरडणं जरा अतीच वाटतं, निदान बोलतायत तरी.

पण म्हणून गेलटाख्टमध्ये सगळं आलबेल आहे असं समजू नका. २०२२ च्या जनगणनेत शाळा सोडून रोज आयरिश बोलतो म्हणणारे देशभरात ७१,९६८ आणि त्यातले गेलटाख्टमधले जेमतेम २०,२६१. म्हणजे एकाच वर्गात घरी आयरिश बोलणारं मूल आणि घरी फक्त इंग्लिश असलेलं मूल शेजारी बसतं, बाईंना एकाची भाषा पक्की करायची असते आणि दुसऱ्याला मुळापासून शिकवायची असते, आणि मधल्या सुट्टीत सगळे मिळून कुठली भाषा बोलतात तर बहुतेकदा इंग्लिश, कारण ती सगळ्यांनाच येते. गेलस्कॉलमध्ये हा पेच नाही, तिथे जवळपास सगळे शून्यापासूनच सुरू करतात. म्हणूनच २०१६ मध्ये सरकारने गेलटाख्टमधल्या शाळांसाठी वेगळं धोरण आणलं, इंग्लिश विषय सोडून सगळं आयरिशमधून शिकवायचं आणि पहिली दोन वर्षं इंग्लिश शिकवायचंच नाही, तरच गेलटाख्ट शाळा म्हणून मान्यता.

डब्लिनमध्ये नोकरी असेल तर प्रॅक्टिकली चॉइस गेलस्कॉलचाच. डब्लिनजवळच्या मीथमध्ये राथकेर्न नावाचं छोटं गेलटाख्ट आहे, १९३५ मध्ये कॉनमाराची कुटुंबं नेऊन वसवलेलं, पण त्यासाठी कोण घर हलवणार. गेलटाख्टबाहेरची बरीच मुलं उन्हाळ्यात दोन-तीन आठवडे गेलटाख्टमध्ये कॅम्पला जातात, गावातल्या एखाद्या घरी राहतात, आणि सारखं इंग्लिश बोलताना सापडलं की काही ठिकाणी सरळ घरी पाठवतात.