हेत्वर्थक इन्फिनिटिव्ह

एखादी क्रिया कशासाठी केली हे सांगताना इंग्रजीत क्रियापदाच्या मूळ रूपाआधी ‘टु’ येतो. या रचनेला हेत्वर्थक इन्फिनिटिव्ह म्हणतात. ‘शी वेंट टु गणपत गल्ली टु बाय बँगल्स’ म्हणजे ती बांगड्या घ्यायला गणपत गल्लीत गेली. या वाक्यातला पहिला ‘टु’ जागा दाखवतो, दुसरा हेतू. जाणे भूतकाळातले असले तरी ‘टु बॉट’ होत नाही. काळ, पुरुष, वचन यांपैकी कशानेही हे रूप बदलत नाही. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना ‘गन्तुम्’, ‘क्रेतुम्’ ही तुमन्ते आठवतील. त्यांचे कामही हेच.

हे दोन ‘टु’ मुळात एकच. जुन्या इंग्रजीत ‘टु’ हा दिशा दाखवणारा शब्द होता आणि हेतू सांगताना त्याच्यामागून येणारे क्रियानाम चतुर्थीत असे, शेवटी ‘-एन्ने’ किंवा ‘-अन्ने’ असा प्रत्यय घेऊन. पुढे मध्ययुगीन इंग्रजीत तो प्रत्यय झिजून गेला आणि सगळा भार एकट्या ‘टु’वर आला. ज्या कामाकडे जायचे ते कामच जणू एक ठिकाण, अशी ही कल्पना.

बेळगाव (२०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी), खानापूर, निपाणी या भागातल्या मराठी मुलाला ही कल्पना नवी नसते. ‘बाजाराला’ आणि ‘आणायला’ या दोन्हींत तोच चतुर्थीचा ‘ला’ आहे. जुन्या लिखाणातल्या ‘आणावयास’मधला ‘स’ही चतुर्थीचाच. कन्नडचे कूळ निराळे, पण तिथेही ‘केलसक्के’ म्हणजे कामाला आणि ‘तरलिक्के’ म्हणजे आणायला. गल्लीत ऐकू येणाऱ्या तिन्ही भाषा हेतूसाठी ‘कडे’ या अर्थाचाच आधार घेतात. गंमत म्हणजे इंग्रजीने क्रियानामाचा प्रत्यय टाकून ‘टु’ ठेवला, तर इथल्या बोलण्यात ‘भाजी आणाय गेल्तो’ म्हणताना नेमका ‘ला’च गळतो.

मग वर्गात ‘आय केम टु बेळगाव फॉर स्टडीइंग’ अशी वाक्ये का येतात? दोष ‘साठी म्हणजे फॉर’ या पाठ करून घेतलेल्या जोडीचा आहे. मराठीत जाणे-येणे असले की सहज ‘शिकायला आलो’ निघते, पण इतर क्रियापदांबरोबर, विशेषतः लिहिताना, ‘-ण्यासाठी’ येते: ‘पास होण्यासाठी अभ्यास करतो’. त्या ‘साठी’चा शब्दशः ‘फॉर पासिंग’ केला जातो. इथे ‘टु पास’ हवे. ‘साठी म्हणजे फॉर’ऐवजी ‘-आयला म्हणजे टु’ ही जोडी आधी शिकवली, तर निम्म्या चुका होणारच नाहीत.

‘फॉर’ अजिबात चालत नाही असे नाही. पुढे नाम असेल तर तोच लागतो: ‘फॉर मिल्क’, ‘फॉर अ वॉक’. वस्तूचा नेहमीचा उपयोग सांगतानाही तो येतो. अडकित्ता कशाचा, तर ‘फॉर कटिंग सुपारी’. मात्र आत्ता सुपारी कातरायला मी तो उचलला, तर ‘टु कट’. ‘थँक यू फॉर कमिंग’मध्ये हेतू नाही, आल्याबद्दल आभार आहेत, येणे होऊन गेलेले आहे. हेतूच्या ‘टु’नंतर येणारी क्रिया मात्र मुख्य क्रियेनंतर व्हायची असते.

अधिक स्पष्ट किंवा औपचारिक लिहायचे असेल तर ‘इन ऑर्डर टु’ किंवा ‘सो अ‍ॅज टु’ वापरतात. नकारात मात्र ती जवळजवळ गरज होते. ‘भिजू नये म्हणून छत्री घेतली’ याचे ‘आय टुक अ‍ॅन अम्ब्रेला नॉट टु गेट वेट’ केले तर ते इंग्रजी कानाला खटकते. ‘सो अ‍ॅज नॉट टु गेट वेट’ म्हणावे लागते.

कर्ता बदलला की साधा ‘टु’ पुरत नाही. ‘मुलांना कळावं म्हणून सरांनी कन्नडमध्येही सांगितलं’ यात सांगणारे सर, कळणार मुलांना. इथे ‘सो दॅट द चिल्ड्रन वुड अंडरस्टँड’ किंवा ‘फॉर द चिल्ड्रन टु अंडरस्टँड’ अशी रचना होते. याच ‘फॉर’ आणि ‘टु’ची लागोपाठ जोडी, ‘फॉर टु’, मध्ययुगीन इंग्रजीत हेतूसाठी सर्रास वापरली जाई. आयर्लंडच्या काही बोलींत ती अजून ऐकू येते, पण प्रमाण इंग्रजीत ती चूक ठरते.

प्रत्येक ‘टु’ हेतूचा नसतो. ‘आय वाँट टु गो’मध्ये जाणे हे हव्या असलेल्या गोष्टीचेच नाव आहे. ‘ही वोक टु फाइंड द बस गॉन’ म्हणजे तो जागा झाला तर बस गेलेली. शंका आली की ‘टु’आधी ‘इन ऑर्डर’ घालून पाहावे. इथे ते घातले तर अर्थाचा विचका होतो, कारण बस चुकलेली बघायला कोणी झोपेतून उठत नाही.