एम-११३ या पट्ट्यांवर चालणाऱ्या लष्करी चिलखती गाडीचं इंजिन बदलण्याआधी : गाडीमालकांसाठी माहितीपत्रक

इंजिन बदलायला गाडी आली की आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. जुनं कशानं गेलं? बहुतेक वेळा उत्तर येतं, "गरम झालं आणि बसलं." मग गरम का झालं, हे सापडेपर्यंत आम्ही नव्या इंजिनाला हात लावत नाही. रेडिएटरच्या जाळीत गाळ आणि गवत बसलेलं असेल किंवा पंखा नीट फिरत नसेल, तर तुम्ही आणलेलं इंजिनही त्याच वाटेनं जाणार.

हे पत्रक एम-११३ए१ आणि तिच्यातल्या डेट्रॉइट डिझेल ६व्ही५३ इंजिनाबद्दल आहे. १९६० च्या मूळ गाडीत क्रायस्लरचं पेट्रोल इंजिन होतं, डिझेल आलं १९६४ च्या ए१ मध्ये. "पेट्रोलच्या गाडीत डिझेल बसवून द्या" अशी मागणी नेहमी येते. पण दोन्हींचे गिअरबॉक्सही वेगळे आहेत. डिझेल गाडीचा अख्खा पॉवरपॅक, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सचा जोडलेला संच, मिळत असेल तरच त्यात पडा.

६व्ही५३ म्हणजे सहा सिलिंडर, प्रत्येकी ५३ घनइंच. एकूण सुमारे ५.२ लिटर, मिनिटाला २८०० फेऱ्यांना २१२ हॉर्सपॉवर. हेच इंजिन ट्रक, बोटी आणि जनरेटरमध्येही लागलं, म्हणून ते अजून मिळतं. फसगत होते ती इथेच. ही इंजिनं उजव्या आणि डाव्या अशा दोन्ही दिशांना फिरणारी बनवली गेली. बोटीतलं उलट्या दिशेचं इंजिन बाहेरून अगदी तुमच्या इंजिनासारखंच दिसेल, पण त्यावर गिअरबॉक्स चालणार नाही. म्हणून पैसे देण्याआधी मॉडेल नंबरच्या प्लेटचा स्वच्छ फोटो आम्हाला दाखवा.

या इंजिनाची एक गोष्ट आम्हाला फार आवडते. ते टू-स्ट्रोक आहे, ब्लोअरनं, म्हणजे हवा ढकलणाऱ्या पंपानं, आलेली हवा लायनरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीच्या, भोकांतून सिलिंडरमध्ये शिरते. त्यामुळे ब्लॉकच्या बाजूची झाकणं काढली की हेड न उघडता आत बघता येतं. बॅटरी काढायची, इंजिन हातानं हळूहळू फिरवायचं आणि भोकासमोर आलेली पिस्टनची प्रत्येक रिंग लाकडी काडीनं दाबून बघायची. दाबल्यावर परत उसळली तर ठीक. जागची हलली नाही तर ती चिकटली आहे किंवा तुटली आहे. एका ग्राहकानं सीलबंद पेटीतलं, ओव्हरहॉल झालेलं म्हणून घेतलेलं इंजिन आणलं होतं. वरून रंग चकचकीत, आणि चौथं झाकण काढलं तर लायनरवर तांबूस गंजाचा पट्टा. पेटीवरच्या शिक्क्यावर विश्वास ठेवून ते चालू केलं असतं तर रिंगा तिथेच गेल्या असत्या.

पॉवरपॅक बाहेर आला की हलची, म्हणजे गाडीच्या चिलखती सांगाड्याची, ती बाजू मोकळी होते. होजपाइप, वायरिंग, तळाची सफाई, तळात साचलेलं पाणी उपसणारा बिल्ज पंप आणि इंजिनाच्या कप्प्यातलं अग्निशामक, ही कामं तेव्हाच उरकून घ्या. नंतर यातल्या एकासाठीही सगळं पुन्हा उचलावं लागतं.

आता पहिला स्टार्ट. यात आम्ही घाई करत नाही आणि तुम्हीही करायला लावू नका. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या इंजिनात जुन्या डिझेलमुळे इंजेक्टरचा रॅक (किती डिझेल जाईल ते ठरवणारी दांडी) पूर्ण फ्युएलवर चिकटून बसू शकतो. तसं झालं तर इंजिनाचा वेग चढतच जातो आणि स्टॉप ओढून काही होत नाही. तेव्हा हवा तोडणं हाच उपाय. म्हणून रॅक बोटानं सहज सरकतो हे बघितल्याशिवाय आम्ही सेल्फ मारत नाही, आणि तेव्हाही एक माणूस जाड प्लायवूडचा तुकडा घेऊन हवेच्या तोंडापाशी उभा असतो. इंजिनावर हवा बंद करणारी आणीबाणीची झडप असेल, तर ती तपासून घेतो. रोज इंजिन बंद करायला मात्र ती वापरू नका, ब्लोअरचे सील खराब होतात. सेल्फ मारण्याआधी बाहेरून प्रेशरनं ऑइल भरून बेअरिंगपर्यंत पोचवतो.

ऑइल साधं एसएई ४०, सीएफ-२ दर्जाचं. मल्टिग्रेड घालू नका, कितीही महाग असलं तरी.

गाडी आणताना जुनं इंजिनही सोबत आणा, भंगारात देऊ नका. ब्रॅकेट, पुली, पाइपांची वळणं त्याच्यावरूनच जुळवावी लागतात, आणि ते कशानं गेलं हेही तेच सांगतं.