विद्यापीठात आउटडोअर लीडरशिप शिकवायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

लहान विद्यापीठात आउटडोअर रिक्रिएशन आणि लीडरशिपचा विभाग म्हणजे बहुतेकदा एक किंवा दोन शिक्षक. वर्गात शिकवणं, सुट्टीच्या दिवशी मुलांना डोंगरात किंवा पाण्यावर नेणं, दोर-तंबूंची खोली सांभाळणं, गाडी चालवणं, परवानग्या काढणं, सगळं त्यांच्याच गळ्यात. म्हणून निवड समिती अर्जात एकच गोष्ट शोधत असते: या माणसावर १२ मुलं सोपवली तर झोप लागेल का? हे पदवीवरून कळत नाही, फील्डच्या नोंदवहीवरून (गट घेऊन कुठे, किती दिवस गेलात त्याच्या नोंदी) कळतं. अर्ज कच्चा राहतो तोही बहुधा तिथेच.

पात्रता

पदव्युत्तर पदवी ही नेहमीची किमान अट. विषय आउटडोअर एज्युकेशन, रिक्रिएशन, शारीरिक शिक्षण किंवा पर्यावरण असला तरी चालतो. कायम पदासाठी पीएचडी मागतात. प्रबंध सादर व्हायचा असेल तर अपेक्षित महिना लिहा. ‘काम चालू आहे’ याला अर्थ नाही. पदवी दुसऱ्या देशातली असेल तर समकक्षतेचं प्रमाणपत्र मिळायला वेळ लागतो, म्हणून ते काम सगळ्यात आधी हाती घ्या.

प्रथमोपचारात ‘वाइल्डरनेस फर्स्ट रिस्पॉन्डर’ (दवाखान्यापासून दूर, रानात करायच्या प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र) मागितलेलं असतं. तो साधारण ७० ते ८० तासांचा कोर्स. ‘वाइल्डरनेस फर्स्ट एड’ हा १६ तासांचा वेगळा कोर्स आहे. नावं सारखी असल्यामुळे लोक तोच जोडतात आणि अर्ज पहिल्याच चाळणीत बाहेर पडतो. मुदतीचाही घोळ होतो. फर्स्ट रिस्पॉन्डर देणाऱ्या संस्थेनुसार २ किंवा ३ वर्षं चालतं, सीपीआरचं (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून जीव वाचवण्याच्या प्रशिक्षणाचं) प्रमाणपत्र मात्र सहसा २ वर्षंच. एक कागद जिवंत, दुसरा संपलेला, असं सर्रास होतं. जाहिरात येण्यापासून रुजू होईपर्यंत सहा-आठ महिने सहज जातात. मधल्या काळात मुदत संपत असेल तर नूतनीकरणाच्या कोर्सला नाव नोंदवल्याची पावती सोबत जोडा.

तांत्रिक प्रमाणपत्रं विभाग काय शिकवतो त्यावर ठरतात. ब्रिटनच्या ‘माउंटन लीडर’ या डोंगरात गट नेण्याच्या प्रमाणपत्रासाठी प्रशिक्षणाआधी २० आणि मूल्यमापनाआधी ४० दर्जेदार डोंगरदिवस नोंदवावे लागतात. ते प्रमाणपत्र तुमच्याकडे नसलं तरी स्वतःची नोंदवही तपासायला हे माप उपयोगी आहे. भारतातल्या गिर्यारोहण संस्थांचे बेसिक आणि ॲडव्हान्स्ड कोर्स केले असतील तर ते साधारण चार-चार आठवड्यांचे निवासी कोर्स असतात आणि ॲडव्हान्स्डला जायला बेसिकमध्ये ‘ए’ ग्रेड लागते, हे एका ओळीत लिहा. बाहेरच्या समितीला ते ठाऊक असेलच असं नाही. मात्र हे कोर्स चढायला शिकवतात. शिकवायला शिकवणारा ‘मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन’ वेगळा. तो केला असेल तर यादीत सर्वांत वर ठेवा.

नोंदवही

‘अनेक ट्रेक केले’ हे वाक्य वाया जातं. नोंद अशी हवी:

‘१४ ते १७ ऑक्टोबर. ४ दिवस, ३ रात्री. विद्यार्थी ११, लीडर २. भूमिका: सहायक लीडर. जंगलातली वाट, दोन ओढे. दुसऱ्या दुपारी ओढ्याला पाणी गुडघ्याच्या वर, म्हणून अलीकडेच मुक्काम. तिसऱ्या दिवसाचा टप्पा कमी केला. एकाच्या टाचेला फोड, त्याचं ओझं तिघांत वाटलं.’

एवढ्यात तुमची भूमिका, गटाचा आकार आणि तुम्ही निर्णय कसा घेता, तिन्ही कळतात. बेरीज तीन वेगळ्या ओळींत द्या: प्रमुख लीडर म्हणून, सहायक म्हणून आणि स्वतःच्या हौसेची भटकंती. तिन्ही मिळून ‘२१० दिवस’ असा आकडा टाकला की मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो. ‘थोडक्यात टळलेले प्रसंग’ हा रकाना दोनशे दिवसांत कोरा दिसला तर तुम्हाला धोका दिसतच नाही किंवा तुम्ही लपवता, यातलं एक काहीतरी खरं धरलं जातं. विद्यार्थ्यांची नावं आणि आजार मात्र नोंदवहीत येऊ देऊ नका.

नमुना अभ्यासक्रम आणि जोखीम आराखडा

एका फील्ड कोर्सचा अभ्यासक्रम आणि त्याच कोर्सचा सुरक्षा आराखडा जोडा. तपासणारा इथे हिशोब घालतो. १२ विद्यार्थी, २ लीडर. एक विद्यार्थी जखमी झाला आणि एक लीडर त्याच्याजवळ थांबला, तर उरलेल्या ११ जणांना दुसरा लीडर आणणार. मग मदत आणायला कोण जाणार? उपग्रह संदेशयंत्र, प्रशिक्षित विद्यार्थी-सहायक, की गटच लहान ठेवायचा, तुमचं उत्तर आराखड्यात लिहिलेलं हवं. माघारी फिरण्याची ठरलेली वेळ, जवळच्या गाडीरस्त्यापर्यंत चालत लागणारे तास आणि विद्यापीठात पहिला फोन कोणाला, हेही हवं. दुसऱ्या संस्थेचा आराखडा उचललेला लगेच ओळखू येतो, कारण त्यात तुमच्या विभागात नसलेली पदं असतात.

सामानाच्या नोंदीचा नमुना जोडलात तर उत्तम. दोराचं उत्पादन वर्ष आणि पहिल्या वापराची तारीख असे दोन वेगळे रकाने ठेवा; न वापरलेला दोरही १० वर्षांनंतर बाद करा असं उत्पादक सहसा सांगतात.

बाकीचे कागद: दोन पानांच्या आत अर्जपत्र, बायोडाटा, एक-दोन पानांचं अध्यापनविषयक निवेदन, गुणपत्रकं, वाहन परवाना. शिफारसकर्ते बहुधा तीन मागतात. तिन्ही प्राध्यापक देऊ नका. एक तरी तुमच्याबरोबर तंबूत राहिलेला, तुम्हाला पावसात चिडलेलं पाहिलेला सहकारी असू द्या.

प्रात्यक्षिक आणि पुढे

चाळणीतून मुलाखतीपर्यंत पोचलेल्या उमेदवारांना २०-३० मिनिटांचा पाठ घ्यायला सांगतात. स्लाइड दाखवण्यात तो वेळ घालवू नका. एकच कौशल्य निवडा, उदाहरणार्थ कंपासचा बेअरिंग, म्हणजे चालायची दिशा अंशांत धरणं. १ अंशाची चूक १ किलोमीटरवर साधारण साडेसतरा मीटरची होते. म्हणजे ५ अंश चुकले की ८७ मीटर, आणि दाट झाडीत तेवढ्यात वाट हुकते. हे बोलून दाखवण्यापेक्षा समितीच्या सदस्यांना कंपास देऊन मोकळ्या जागेत चालायला लावा.

नियुक्तीपत्रावर सही करण्याआधी एक गोष्ट लेखी विचारा: चार दिवसांचा मुक्कामी कॅम्प कामाच्या भारात किती तास धरतात? रात्री मोजल्या जात नसतील तर दुसऱ्या सत्रात काय होतं, हे विभागात आधी शिकवून गेलेल्या कोणालाही विचारा.