कार्ड न्यावे की फोन? परदेशी सिमकार्डाच्या वापरामागची पार्श्वभूमी

परदेशात उतरताच विमानतळावर तेथील सिमकार्ड विकत घेणे आणि ते आपल्या फोनमध्ये घालणे ही आता प्रवासाच्या तयारीतील इतकी किरकोळ बाब झाली आहे, की सिमकार्ड तयार करणाऱ्यांच्या मनात बऱ्याच अंशी याच्या उलटे चित्र होते हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ग्राहकाने आपले कार्ड खिशात घालून न्यावे आणि जेथे जाईल तेथे हाती येईल त्या फोनमध्ये ते बसवावे, असे ते चित्र होते. प्रत्यक्षात फोन बरोबर जाऊ लागला आणि कार्ड मात्र मुक्कामागणिक बदलू लागले. ही उलटापालट तंत्रज्ञानाने होऊ दिली, परंतु ती दहा-पंधरा वर्षे अडली ती मुख्यतः फोनला घातलेल्या कुलपामुळे, म्हणजे फोन विकणाऱ्या मोबाइल सेवादात्याचेच कार्ड त्यात चालावे या बंधनामुळे. त्यामुळे या विषयाचा इतिहास पाहताना कुलपाकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

सप्टेंबर १९८७ मध्ये युरोपातील १३ देशांनी एकाच पद्धतीची मोबाइल यंत्रणा उभारण्याचा करार केला. १९९१ मध्ये म्युनिकच्या एका कंपनीने पहिली ३०० सिमकार्डे फिनलंडमधील एका सेवादात्याला पुरवली. हे कार्ड आजच्या एटीएम कार्डाएवढे होते. त्या काळात पुष्कळ फोन मोटारीत बसवलेले असत, आणि मोटार भाड्याची असो वा मित्राची, कार्ड घातले की फोन आपला झाला, हा हिशेब त्या आकाराला शोभणारा होता. १९९२ मध्ये फिनलंड आणि ब्रिटनमधील दोन कंपन्यांत पहिला रोमिंग करार झाला. पुढे अमेरिकेत हीच यंत्रणा वेगळ्या वारंवारितांवर चालू झाली, तेव्हा ९०० आणि १८०० मेगाहर्ट्झवर चालणारा भारतातील किंवा युरोपातील फोन तेथे निरुपयोगी ठरू लागला, आणि जपानात तर यंत्रणाच निराळी होती. अशा ठिकाणी प्रवासी स्वतःचे कार्ड नेऊन भाड्याच्या फोनमध्ये घालत. व्यवसायात याला ‘प्लास्टिक रोमिंग’ असे नाव होते, आणि मूळ कल्पनेशी प्रामाणिक राहिलेला असा तो एकच वापर म्हणावा लागेल. तीन आणि चार वारंवारितांवर चालणारे फोन सर्रास मिळू लागल्यावर ही गरज संपली आणि फोन विमानात बसला.

तोपर्यंत फोनला कुलूप लागलेले होते. अमेरिकेत आणि युरोपातील अनेक देशांत सेवादाते दोन वर्षांच्या कराराच्या बदल्यात फोन सवलतीत देत आणि तो दुसऱ्याच्या जाळ्यावर चालू नये अशी तजवीज करून ठेवत. तजवीज साधी होती. प्रत्येक सिमकार्डात बहुधा १५ अंकी ग्राहक-ओळख असते. तिचे पहिले तीन अंक देशाचे (भारताचे ४०४ आणि ४०५) आणि त्यापुढचे सेवादात्याचे असतात. कुलूपबंद फोन हे सुरुवातीचे अंक वाचतो, स्वतःजवळच्या यादीशी ताडून पाहतो आणि जुळले नाहीत तर संकेतांक मागतो. परदेशी कार्डाचे अंक कधीच जुळणार नाहीत हे उघड आहे. म्हणजे प्रतिस्पर्ध्याला रोखण्यासाठी घातलेले कुलूप प्रवाशालाही आपोआप रोखत होते, आणि प्रवाशाकडून मिळणारे रोमिंगचे उत्पन्न भरघोस असल्यामुळे त्याबद्दल कोणत्याही सेवादात्याला फारसे वाईट वाटण्याचे कारण नव्हते.

२९ जून २००७ रोजी आयफोन अमेरिकेत एकाच सेवादात्याकडे विक्रीला आला आणि कुलूप हा घराघरांतील विषय झाला. दोन महिन्यांच्या आत न्यू जर्सीतील एका १७ वर्षांच्या मुलाने ते उघडून दाखवले. सप्टेंबरमध्ये निर्मात्या कंपनीने सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आणली, तेव्हा असे उघडलेले अनेक फोन बंद पडले, आणि ‘फोनची वीट झाली’ हा वाक्प्रयोग आपल्याकडेही रुळला. सुट्टीत येणाऱ्या चुलतभावाकडून अमेरिकेतील फोन मागवायचा, त्यात पुण्याचे किंवा ठाण्याचे कार्ड बसत नाही हे पाहायचे आणि मग मुंबईतील हिरापन्ना या बाजाराची वाट धरायची, हा क्रम त्या वर्षांत अनेक मराठी कुटुंबांना परिचित होता. तेथे संगणकाला जोडून कुलूप काढून मिळे, किंवा कार्डाखाली सरकवायची एक पातळ चिप मिळे. ती चिप फोनला खोटी ओळख दाखवून कार्ड अमेरिकेतील त्याच सेवादात्याचे असल्याचे भासवी. भारतात हा फोन अधिकृतपणे २२ ऑगस्ट २००८ रोजी आला, तो ८ जीबीसाठी ३१,००० रुपयांना. किमतीत सवलत नाही, तरी कुलूप आहे, असा तो प्रकार होता. सवलतीच्या वसुलीसाठी कुलूप हवे, हा कंपन्यांचा एरवी विचारात घेण्याजोगा युक्तिवाद येथे उघडा पडला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

या सगळ्यात ‘अनलॉक’ या एका शब्दाने जितका गोंधळ घातला तितका कोणत्याही तांत्रिक अडचणीने घातला नसेल. पडद्यावरचा संकेतांक विसरल्यावर दुकानदार करून देतो तेही अनलॉक. निर्मात्याने मान्यता न दिलेली ॲप चालावीत म्हणून सॉफ्टवेअरचे बंधन तोडतात, ज्याला जेलब्रेक म्हणतात, त्यालाही बाजारात अनलॉकच म्हणत. सुरुवातीच्या आयफोनवर कुलूप काढण्यासाठी आधी जेलब्रेक करावे लागे, त्यामुळे दोन्ही क्रिया लोकांच्या मनात एक झाल्या. चोरीच्या तक्रारीमुळे ज्याचा आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख-क्रमांक, काळ्या यादीत गेला आहे असा फोन पुन्हा चालू करून देण्याला काही विक्रेते हेच सोज्वळ नाव देतात, आणि ते तर सरळ बेकायदेशीर आहे. प्रवाशाला अभिप्रेत असलेले अनलॉक यांपैकी एकही नव्हे. सेवादात्याच्या यादीशी कार्ड ताडून पाहण्याची अट काढून टाकणे, एवढाच त्याचा अर्थ आहे. त्यातही एक पोटभेद आहे. काही फोन ‘आंतरराष्ट्रीय वापरासाठी’ तेवढे मोकळे करून दिले जात, म्हणजे परदेशी कार्ड चालावे परंतु देशातील प्रतिस्पर्ध्याचे चालू नये, अशी व्यवस्था असे. अशा फोनचा मालक ‘माझा फोन अनलॉक आहे’ असे म्हणतो तेव्हा तो खरे बोलत असतो आणि नसतोही.

शब्दाच्या या गुंत्यावर कायद्याचा शिक्का बसला तो अमेरिकेत. डिजिटल संरक्षण मोडण्यास मनाई करणारा तेथील १९९८ चा कायदा मुळात चित्रपट आणि संगीताच्या नकला रोखण्यासाठी होता. त्यातून कोणाला सूट द्यावी हे दर तीन वर्षांनी राष्ट्रीय ग्रंथालयाच्या प्रमुखांनी ठरवायचे असते, कारण स्वामित्वहक्काचे कार्यालय त्या ग्रंथालयाचा भाग आहे. ग्रंथपालाने फोनच्या कुलपाचा निकाल द्यावा हे ऐकायला चमत्कारिक वाटले, तरी व्यवस्था तशीच आहे. २००६ मध्ये आणि पुन्हा २०१० मध्ये फोनचे कुलूप काढण्यास सूट मिळाली. ऑक्टोबर २०१२ मध्ये मात्र निर्णय फिरला आणि २६ जानेवारी २०१३ नंतर विकत घेतलेल्या फोनचे कुलूप सेवादात्याच्या परवानगीशिवाय काढणे पुन्हा मनाईच्या कक्षेत आले.

या निर्णयामागे मुख्यतः दोन कारणे होती. पहिले असे, की फोन ग्राहकाच्या मालकीचा असला तरी त्यातील सॉफ्टवेअर त्याला केवळ वापरायला दिलेले असते, आणि मध्यंतरी आलेल्या एका न्यायनिर्णयामुळे हा भेद अधिक ठळक झाला होता. दुसरे असे, की बाजारात कुलूप नसलेले फोन आता मिळतात आणि सेवादातेही विनंती केल्यास कुलूप काढून देतात, तेव्हा सूट देण्याइतकी अडचण उरलेली नाही. दुसरे कारण वस्तुस्थितीला अगदीच सोडून नव्हते. परंतु विनंती मान्य करण्याच्या अटी सेवादात्याच्या मर्जीवर होत्या, आणि करार संपलेला, पूर्ण पैसे फेडलेला फोन परदेशात नेताना मालकाने परवानगी का मागावी, या प्रश्नाला त्यात उत्तर नव्हते. व्यापारी हेतूने केलेल्या उल्लंघनाला पाच लाख डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद अशी तरतूद असल्याने, प्रवाशाला थेट भीती नसली तरी कुलूप काढून देणाऱ्या दुकानदाराला निश्चित होती. सरकारकडे केलेल्या ऑनलाइन अर्जावर एक लाखाहून अधिक सह्या झाल्या, राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाने अर्जदारांची बाजू उचलून धरली आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी जुनी सूट कायद्यानेच परत देण्यात आली. त्या कायद्यामुळे कुलूप काढण्याचा हक्क मिळाला, परंतु कुलूप घालूच नये असे त्यात कोठेही म्हटलेले नाही, आणि हा फरक त्या वेळच्या विजयोत्सवात बराचसा हरवला.

कुलूप घालण्यावरच बंदी इतरत्र आली. कॅनडाने १ डिसेंबर २०१७ पासून नवे फोन कुलपाविना देण्याची सक्ती केली, तर जपान आणि ब्रिटन यांनी २०२१ च्या अखेरच्या महिन्यांत तीच वाट धरली.

युरोपात प्रश्न दुसऱ्या टोकाने सुटला. २००७ पासून तेथे रोमिंगच्या दरांवर कमाल मर्यादा आली, ती वर्षागणिक खाली गेली आणि १५ जून २०१७ पासून युरोपीय संघात रोमिंगचे वेगळे शुल्क जवळजवळ संपले. तेथील रहिवाशांसाठी केलेल्या या सोयीचा लाभ भारतीय पर्यटकालाही मिळाला, कारण पॅरिसमध्ये घेतलेले कार्ड त्याच दरात रोमपर्यंत चालू लागले. आपल्याकडील सहलींच्या आखणीत मात्र पॅरिस आणि रोमच्या मधोमध स्वित्झर्लंड येतो आणि तो संघात नाही. अनेक कार्डांची सवलत सीमेवरच थांबते, आणि याचा पत्ता बऱ्याच जणांना शिल्लक संपल्यावर लागतो.

भारतात परदेशी कार्ड घेण्याचा आणखी एक मार्ग होता, तो म्हणजे निघण्यापूर्वी येथेच ते भाड्याने किंवा विकत घेण्याचा. सहल कंपन्यांमार्फत अशी कार्डे सर्रास मिळत. ती विकण्यासाठी सरकारचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते, ग्राहकाच्या पारपत्राची प्रत घ्यावी लागते आणि कार्डाचा वापर देशाबाहेर होणे अपेक्षित असते. परतल्यावर हाती पडणाऱ्या बिलांविषयीच्या तक्रारी जुन्या होत्या. जानेवारी २०२२ मध्ये सुधारित अटी आल्या, त्यांत दरांची स्पष्ट माहिती, तपशीलवार बिल आणि तक्रार निवारणाची सोय विक्रेत्यांवर बंधनकारक करण्यात आली. दोन वर्षांनी, जानेवारी २०२४ मध्ये, असे प्रमाणपत्र नसलेल्या दोन परदेशी ई-सिम (कार्डाऐवजी फोनमध्येच असलेले सिम) विक्रेत्यांची ॲप भारतातील ॲप-दुकानांतून हटवण्यात आली. सायबर फसवणुकीत परदेशी क्रमांकांचा वापर होतो, हे कारण त्यामागे सांगितले गेले.

ई-सिमचे ग्राहकोपयोगी मानक २०१६ चे आहे. २०१८ च्या आयफोनमुळे ते सर्वसामान्यांपर्यंत पोहोचले, आणि २०२२ मध्ये अमेरिकेत विकल्या गेलेल्या आयफोनमधून कार्डाचा कप्पाच नाहीसा झाला. त्यानंतर अमेरिकेहून आणलेल्या नव्या आयफोनमध्ये परदेशातील टपरीवरचे स्वस्त कार्ड घालायला जागाच उरली नाही. शिवाय ॲपवरून घेतलेले प्रवासी ई-सिम बहुतेक वेळा जेथे आपण आहोत त्या देशाचे नसतेच. ते तिसऱ्याच देशातील सेवादात्याचे असते आणि प्रवाशाच्या मुक्कामी रोमिंगवर चालते. त्यामुळे पॅरिसमध्ये बसून इंटरनेट वापरणारा मनुष्य हाँगकाँगमध्ये असल्याचा भास संकेतस्थळांना होऊ शकतो. रोमिंग टाळण्यासाठी सुरू झालेला खटाटोप अशा रीतीने पुन्हा रोमिंगवरच येऊन ठेपला आहे, फक्त त्याचा घाऊक भाव दुसऱ्या कोणी तरी ठरवलेला असतो.

भारतीय प्रवाशाची आजची खरी अडचण मात्र परदेशी कार्ड मिळण्याची नाही, तर भारतातील कार्ड बाहेर काढता न येण्याची आहे. बँकेचा ओटीपी त्याच क्रमांकावर येतो. त्यामुळे दोन कार्डांचा फोन ही चैन न राहता गरज झाली असून, एका कप्प्यात येथील क्रमांक केवळ संदेशांपुरता जागा ठेवायचा आणि इंटरनेट परदेशी कार्डावरून घ्यायचे, ही रीत रूढ झाली आहे. अनिवासी भारतीयांना जानेवारी २०२३ मध्ये दहा देशांतील क्रमांकांवरून यूपीआय वापरण्याची मुभा देण्याचे ठरले, परंतु त्यासाठी अनिवासी खाते लागते, आणि पंधरा दिवसांच्या सहलीला निघालेल्या माणसाकडे ते नसते. त्यातच नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस निघालेल्या एका सरकारी आदेशाने संदेशवहनाच्या ॲपना असे बजावले, की ज्या क्रमांकावर नोंदणी झाली त्याचे सिम फोनमध्ये असेल तरच सेवा चालू राहावी. एकच कप्पा असलेल्या फोनमध्ये विमानतळावर कार्ड बदलणाऱ्या प्रवाशाने घरच्यांना ‘पोहोचलो’ एवढे तरी कसे कळवायचे, हा प्रश्न त्या आदेशापाठोपाठ लगेचच विचारला जाऊ लागला.