७२०७२० चे अवयव किती: ६, १० की २४०?

तिन्ही उत्तरं बरोबर ठरू शकतात, कारण ‘अवयव’ हा एकच शब्द आपण दोन गोष्टींसाठी सर्रास वापरतो. विभाजक म्हणजे जिने भागल्यावर बाकी शून्य उरते अशी कोणतीही संख्या. मूळ अवयव म्हणजे संख्या फोडत गेल्यावर शेवटी हाती उरणाऱ्या, आणखी न फुटणाऱ्या मूळ संख्या. १ हा प्रत्येक संख्येचा विभाजक असतो, मूळ अवयव मात्र कुणाचाच नाही.

७२०७२० फोडायला सोपी आहे. ७२० हे अंक दोनदा आलेत, म्हणजे ती ७२० × १००१. त्यातले १००१ म्हणजे ७ × ११ × १३ (हे पाठच असावं) आणि ७२० म्हणजे १६ × ९ × ५. एकूण: २ × २ × २ × २ × ३ × ३ × ५ × ७ × ११ × १३. वेगवेगळे मूळ अवयव ६, आणि पुन्हा पुन्हा आलेलेही धरले तर १०.

विभाजकांसाठी यादी करत बसू नका. प्रत्येक विभाजक याच १० अवयवांतून निवड करून बनतो. २ हा शून्य ते चार वेळा घेता येतो, म्हणजे ५ पर्याय. ३ चे ३ पर्याय. उरलेले चारही घ्या किंवा सोडा, प्रत्येकी २. गुणाकार ५ × ३ × २ × २ × २ × २ = २४०. २ अजिबात न घेतल्यास उरतात ते ४८ विषम विभाजक.

हमखास चूक होते ती ‘शून्य वेळा’ हा पर्याय विसरल्यामुळे. मग ४ × २ × १ × १ × १ × १ = ८ येतं. पण या संख्येला १ ते १६ पर्यंतच्या प्रत्येक संख्येने भाग जातो, तेव्हा ८ हे उत्तर चुकीचं असल्याचं तिथेच कळायला हवं.

मसावि, लसावि किंवा वर्गमूळ काढायचं असेल तर मूळ अवयव लागतात. ७२०७२० ला कमीत कमी कितीने गुणलं की पूर्ण वर्ग होईल? ५, ७, ११, १३ एकेकटे आहेत, म्हणून ५००५ ने, वर्गमूळ ६००६०. ७२०७२० ठिपक्यांचे आयत किती प्रकारे मांडता येतील, हा प्रश्न मात्र विभाजकांचा: जोड्या लावल्या की १२०. पूर्ण वर्गात वर्गमूळाची जोडी स्वतःशीच लागते, म्हणून तिथे विभाजकांची संख्या नेहमी विषम असते. वरच्या वर्गाचे १२१५.

संख्या मोठी म्हणून विभाजक जास्त, असंही नाही. शेजारची ७२०७१९ = ३१ × ६७ × ३४७, विभाजक फक्त ८. पलीकडची ७२०७२१ तर मूळ संख्याच वाटते: १६ पर्यंत भागून बाकी सतत १, पुढेही ६७ पर्यंत काही सापडत नाही. तिथे कंटाळून थांबलात तर फसलात. वर्गमूळ ८४८ च्या पुढे आहे, तोवरच्या मूळ संख्या तपासायलाच हव्यात. ७१ ने भाग जातो, भागाकार १०१५१. आता पुन्हा २ पासून सुरुवात नको. १०१५१ चं वर्गमूळ १०० च्या जरा पुढे आहे, म्हणून ७१ ते ९७ मधल्या सहा मूळ संख्या तपासल्या की पुरे. एकीनेही भाग जात नाही, म्हणून १०१५१ मूळ आणि ७२०७२१ चे विभाजक ४.